शून्य भारमान

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय तिकडे वळायला लागला की मी पाणी प्यायला उठायचो. मुलाने एकदा फोनवर विचारलं, "बाबा, तो जुना कॉम्प्युटर भंगारात का देत नाही?" मी म्हटलं, "राहू दे, जागा थोडीच खातोय." जागा खातोय. आमच्या दोन खोल्यांत एका टेबलाएवढी जागा म्हणजे थोडी नाही. पण तो दिला असता तर मी हे सगळं विसरून गेलो असतो, आणि विसरायचा मला अधिकार आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं पोलादपूरच्या स्टँडवर गेली, शेवटची महाडला. कोणती गाडी कधी सोडायची, कोणती फेरी रद्द करायची, कोणत्या फेरीला किती माणसं बसतात, हे बघणं माझं काम. गाडी किती भरते त्याला आमच्या भाषेत भारमान म्हणतात. भारमान पडलं की वरून विचारणा यायची आणि मग ती फेरी बंद करायची. निवृत्त झाल्यावर आम्ही महाडलाच राहिलो, चवदार तळ्यापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर.

कॉम्प्युटर मुलाचा. तो पुण्याला नोकरीला. त्याने नवा घेतला आणि जुना एका गणपतीत गाडीच्या डिकीत घालून आणून दिला. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. कॉम्प्युटर फोनशेजारीच ठेवला, कारण नेट फोनच्या वायरवरून यायचं. नेट चालू असेपर्यंत फोन बंद, बाहेरच्याने लावला तर त्याला एंगेज मिळायचा. कॉम्प्युटर जागा व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की बायको म्हणायची, "तुम्ही बटण दाबा, मी चहा ठेवते. बघू कोण आधी उकळतंय." चहाच आधी उकळायचा.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुस्लिम कुटुंब राहायचं. घरातला कर्ता माणूस आखातात वेल्डर. इथे त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि म्हातारी आई. तिकडून फोन महाग पडायचा आणि आठवडाभर तो कामावर असायचा; शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. जुम्याची नमाज झाली की तो तिकडच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसायचा आणि इकडे चारच्या सुमाराला त्याची बायको आमच्याकडे यायची. ही सोय माझ्या मुलाने करून दिली होती. त्याने गप्पा मारायचा एक प्रोग्राम टाकला, कानाला लावायचं यंत्र जोडलं आणि तिला म्हणाला, "भाभी, तुम्ही काहीच करायचं नाही. बाबांनी नेट जोडलं की भाईची खिडकी आपोआप उघडेल."

आणि तसंच व्हायचं. मी नेट जोडायचो, ते थोडा वेळ खरखर करायचं, मग 'टिंग' असा आवाज यायचा आणि पडद्यावर एक लहान खिडकी उघडायची. शेजारीण ओढणी मागे सारून कानाला यंत्र लावायची आणि मी ओटीवर जाऊन बसायचो. नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडू नये म्हणून रेडिओ लावायचो. पण आखातापर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचाय असं समजून ती बोलायची, त्यामुळे रेडिओचा काही उपयोग नव्हता. त्या 'टिंग'मागे कोणता प्रोग्राम असतो, तो कुठून सुरू होतो, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, नेट म्हणजेच ते.

एका वर्षी दिवाळीच्या आधी त्याचा करार संपत होता. एका शुक्रवारी त्याने तिला विचारलं, आणखी दोन वर्षांची सही करू की घरी येऊ? महिनाअखेरीपर्यंत कंपनीला सांगायचंय, तू विचार कर. हे मला कसं कळलं, तर बोलणं झाल्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या बायकोला सांगत होती.

"मी सांगणार हाय, काकी. बस झालं, ये. इथंच ग्रिलचं दुकान टाकूया. सासूला आता उठवत नाय, रोज विचारते, पोरगा कधी येतो."

"मग आत्ताच का नाही सांगितलंस गो?"

"लगेच सांगितलं तर त्याला वाटंल रागात बोलते. मागं पण मी रागात बोललेली, त्यानं हसून सोडून दिलं. आठवडा जाऊ दे. मग त्याला पटंल, ही विचार करून बोलते."

बायकोला ते पटलं. मलाही पटलं, बाहेर बसून.

त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटर सुधारायला घेतला.

कारण साधंच होतं. मुलगा नातीचे फोटो मेलवर पाठवायचा. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्याने यायचा. आधी कपाळ दिसायचं, मग बराच वेळ नुसतं कपाळच. वर्तमानपत्रात कॉम्प्युटरवर एक सदर यायचं. त्यात लिहिलं होतं की कॉम्प्युटर मंद होण्याचं कारण म्हणजे आपल्या नकळत मागे चालू राहणारे प्रोग्राम. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही बटणं एकदम दाबा, यादी दिसेल, नको असलेले बंद करा. नको असलेले कसे ओळखायचे, हे लिहिलेलं नव्हतं.

मी बटणं दाबली. यादी आली. नावं अशी की त्यापेक्षा गाड्यांचे नंबर बरे. प्रत्येक नावासमोर एक आकडा, कोण किती काम करतोय त्याचा. बहुतेकांसमोर शून्य. फक्त एकासमोर सत्त्याण्णव. त्याच्या नावात 'आयडल' असा शब्द होता. तेवढं इंग्रजी मला येत होतं. आयडल म्हणजे रिकामटेकडा. एक रिकामटेकडा सगळा कॉम्प्युटर खाऊन बसला आहे, हे बघून मला रागच आला. मी त्याला बंद करायला गेलो, तो होईना. पुन्हा गेलो, पुन्हा नाही.

बायको हात पुसत आली. "काय झालं?"

"एक जण आहे. काम काही करत नाही आणि सगळं तोच खातो."

"मग घालवा."

"जात नाही."

"सरकारी असंल," ती म्हणाली आणि परत आत गेली.

फार उशिरा मुलाने समजावलं की ते उलटं असतं. तो आकडा म्हणजे कॉम्प्युटर किती मोकळा आहे ते. मी म्हटलं, मग इतका मोकळा असून तो हळू का चालायचा? तो म्हणाला, मेमरी कमी होती. मी मान हलवली. खरं म्हणजे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही पूर्ण कळलंय असं नाही.

त्या दिवशी मात्र मी तो सत्त्याण्णववाला सोडून शून्यवाल्यांकडे वळलो. आयुष्यभराची सवय. शून्य दिसलं की हात शिवशिवतो. एकेकाला बंद करत गेलो. एकाला बंद केल्यावर पडद्यावरची सगळी चित्रंच गेली, खाली नुसता निळा रंग. मी घाबरून भिंतीवरचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केला तर सगळे जसेच्या तसे हजर. त्याच लेखात शेवटी एक दुसरा उपाय दिला होता. एक शब्द टाइप केला की वेगळी यादी उघडते, कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण आपोआप सुरू होतं त्याची. प्रत्येकासमोर बरोबरची खूण. खूण काढली की तो पुन्हा येत नाही. मी खुणा काढत गेलो. एकही नाव मला ओळखू आलं नाही, म्हणून एकही ठेवलं नाही.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा मध्येच एक पाटी आली. तुम्ही काही बदल केले आहेत, असं काहीतरी त्यात होतं, आणि खाली विचारलं होतं, ही सूचना पुन्हा दाखवू नये का? मी लगेच, दाखवू नये, म्हणून टाकलं.

त्या संध्याकाळी चहा उकळायच्या आत कॉम्प्युटर तयार होता. बायको म्हणाली, "आज तुम्ही जिंकलात."

शून्य म्हणजे काय असतं, हे खरं तर मला कळायला हवं होतं. पोलादपूरला मी नवा होतो तेव्हा संध्याकाळी कापड्याला एक मुक्कामी गाडी जायची. रात्री तिथेच थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, आणि सकाळी ती परत यायची. संध्याकाळी जाताना गाडीत जवळजवळ कोणी नसायचं. मी कागदावर तेवढंच पाहिलं. सकाळच्या फेरीचं भारमान वेगळ्या कागदावर लागायचं, ते पाहायचं मला सुचलं नाही. मी गाडी बंद करवली. काही दिवसांनी एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन, चालत, घामाने भिजून थेट माझ्या खिडकीशी आली.

"गाडी कोणी बंद केली?"

"मी. रिकामी जात होती."

"रिकामीच जाणार ना रे. रात्री कापड्यात कोणाचं काय काम हाय? ती आम्हाला सकाळची आणायला जाते. दुपारी चूल थंड दिसली तर बायकोला घराबाहेर काढतोस काय तू?"

रांगेतले सगळे हसले. गाडी मी पुन्हा सुरू करवली आणि पुढे नोकरीभर नव्या पोरांना ही गोष्ट सांगितली, स्वतःवर हसत हसत. म्हणजे मी ती विसरलो नव्हतो. मग कॉम्प्युटरसमोर बसल्यावर ती का आठवली नाही? या प्रश्नाशी मी पुष्कळ वेळा येऊन थांबलो आहे.

शुक्रवारी शेजारीण आली. मी तिला कौतुकाने दाखवलं, बघ किती पटकन चालू झाला. ती म्हणाली, "छान झाला, काका." तिने कानाला यंत्र लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी ओटीवर गेलो, रेडिओ लावला. आतून आवाज येईना. थोड्या वेळाने मी डोकावलो. ती तशीच पडद्याकडे बघत होती.

"नाय आला अजून. तिकडं लाइट गेली असंल."

"तिकडे लाइट जात नाही म्हणतात."

"मग नेट गेलं असंल."

तास झाला, त्याहून जास्त झाला. मुलगी तिला बोलवायला आली तेव्हा ती उठली. "पुढच्या जुम्याला," ती म्हणाली. महिना संपायला अजून एक शुक्रवार होता.

त्या पुढच्या शुक्रवारी ती सासूला घेऊन आली. म्हातारीला दोन्हीकडून धरून आणलं, खुर्चीवर उशी ठेवून बसवलं. आईनेच सांगितलं की तो ऐकेल, असं ठरवून आणली होती. म्हातारी कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "या डब्यात बसतो काय तो?" सगळे हसलो. मग सगळे पडद्याकडे बघत बसलो. मी नेट तोडून पुन्हा जोडलं. खरखर झाली, जोडलं गेलं, पण 'टिंग' काही आलं नाही. मध्येच मला सुचलं. मी म्हटलं, "नेट बंद करून फोनची वाट बघूया का? कदाचित फोन करेल."

ती म्हणाली, "नको, काका. तेवढ्यात खिडकी उघडली तर?"

मला ते बरोबर वाटलं. तिन्हीसांजेला म्हातारीला परत घरी नेलं. जाताना ती पुटपुटत होती, "कामात असंल पोरगा."

शनिवारी दुपारी आमचा फोन वाजला. तोच होता.

"काका, काल बसलेलो मी दुकानात. त्याच्या आधीच्या जुम्याला पण. तुमचा दिवा विझलेलाच दिसत होता. फोन लावला तर एंगेज. किती वेळा लावला."

"अरे, आम्ही सगळे इथेच होतो. तुझी आईसुद्धा."

"मग?"

"लाइन खराब आहे इकडे," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. तेव्हा मला खरंच काही समजलेलं नव्हतं. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. काहीतरी खराब असणारच, म्हणून लाइन.

"आज शेवटचा दिवस होता, काका. मला वाटलं ती रागावली, म्हणून येत नाय. मागं पण दोन वर्ष वाढवली तेव्हा रागावलेली. म्हटलं, बोलायचंच नाय तर मग काय येऊन करू. सकाळी सही केली. तुम्ही सांगा तिला." त्याचं फोनचं कार्ड संपत आलं होतं. मी तिला बोलावतो म्हणेपर्यंत फोन कट झाला.

ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी सांगितलं. तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली, कडा सरळ केल्या.

"लाइन खराब होती?"

"हो."

"मग कोणाचा दोष नाय," ती म्हणाली.

'दिवा विझलेला' हे मात्र माझ्या डोक्यात राहिलं. कोणता दिवा? रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ एक छोटा माणूस असतो ना, हिरवा? तो असला की समोरच्याला तुम्ही दिसता. तो प्रोग्राम आपोआप सुरू होतो, मी लावून ठेवलाय. मागेच असतो, कोणी हाक मारेपर्यंत काही करत नाही."

घड्याळाजवळ कोणी नव्हतं.

त्या दुपारी मी ती दुसरी यादी पुन्हा उघडली. नावं तीच, समोरचे चौकोन रिकामे. कोणता त्याचा, कळेना. एकाला खूण करायची, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, कोपरा बघायचा. पुन्हा दुसरा. असं करता करता एकदा घड्याळाशेजारी तो चिमुकला माणूस येऊन उभा राहिला. नेट जोडलं आणि तो हिरवा झाला. मी पुन्हा त्या आकड्यांच्या यादीत जाऊन पाहिलं. त्याच्यासमोर शून्य होतं.

मी उरलेल्या सगळ्यांनाही खुणा करून टाकल्या. कोणामागे कोण उभं असेल, मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा आधी उकळला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "परत हळू केलात?" तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

मध्ये एक भिंत होती, तेवढंच अंतर होतं. मी जाऊ शकलो असतो. सही कंपनीत गेली होती, पासपोर्ट त्यांच्याकडे होता, आता सांगून उपयोग काय, असं मी स्वतःला म्हणायचो. कधी म्हणायचो, त्याने तरीही सही केलीच असती. कधी वाटायचं, फोन एंगेज होता हे तर माझ्या हातात नव्हतं. मग वाटायचं, होतं. या सगळ्यात खरं किती आणि सोयीचं किती, याचा हिशेब मला लावता यायचा नाही. पुढच्या शुक्रवारी खिडकी उघडली. ती रडली आणि मग नेहमीसारखं मोठ्याने म्हणाली, "लाइन खराब होती, काका सांगतात ना." मी ओटीवर रेडिओ मोठा केला.

त्याच दोन वर्षांत म्हातारी गेली. त्याला रजा मिळाली नाही. ती बातमी त्याला आमच्याच फोनवर मिळाली. त्याच्या बायकोला बोलवेना, म्हणून रिसीव्हर मी धरला होता. तो म्हणाला, "काका, शेवटी कधी बसली होती ती तुमच्याकडं?" मी सांगितलं, त्या शुक्रवारी. "डब्यात बसतो काय म्हणाली," असंही सांगितलं. तो हसला, आणि मग त्याला हसणं थांबवता येईना, ते हसणं राहिलंही नाही.

करार संपवून तो आला तेव्हा खजूर आणि अत्तर घेऊन आमच्याकडे आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यामुळं इतकी वर्ष घरच्यांचा आवाज ऐकला, काका." मी त्याचा हात धरून ठेवला. सांगायचं ते सगळं मनात तयार होतं. तेवढ्यात बायको सरबत घेऊन आली आणि मी म्हटलं, "घे, गार आहे तोवर."

पुढे ते पनवेलला गेले, मुलीच्या कॉलेजसाठी. ग्रिलचं दुकान तिकडेच टाकलं, चांगलं चालतं म्हणतात. गेल्या वर्षी ती इथे एका लग्नाला आली होती, तेव्हा आमच्याकडे आली. केस पिकलेत तिचे. बायको मला आतल्या खोलीत म्हणाली, "आज सांगा." म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

मी बाहेर आलो. ती कॉम्प्युटरवरचं कापड उचलून बघत होती.

"अजून हाय काय हा?"

"आहे."

"चालतो?"

"नाही चालत आता."

तिने कापड नीट घातलं, कोपरे ओढून सरळ केले, त्या दिवशी चादरीचे केले होते तसे. "सासू त्या खुर्चीवर बसलेली," ती म्हणाली. "लाइन तेवढी चांगली असती तर." मग स्वतःच हसली. "जाऊ दे. काका, तब्येत जपा." बाहेर रिक्षा थांबली होती. मी दारापर्यंत गेलो आणि म्हटलं, "सावकाश जा."

म्हणायचं होतं ते हे होतं. पोरी, लाइन चांगली होती. तुझा नवरा दोन्ही शुक्रवारी वेळेवर आला होता आणि तुला शोधत बसला होता. तूही वेळेवर आली होतीस. तुमच्या मध्ये जो उभा होता त्याला मी काढून टाकलं, तो काही करताना दिसत नव्हता म्हणून. आणि कळल्यावर तुला सांगितलं नाही. तू म्हणालीस कोणाचा दोष नाही. दोष होता, माझा होता. मला माफ कर.